भावोजींच्या बाजूचा आरसा

माझी ताई गाडी मागे घेते तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून बघतात. निम्मी कौतुकानं, आणि निम्मी आता काय आपटतंय ते बघायला. या दुसऱ्या मंडळींची आजवर निराशाच झाली आहे, हे मी धाकटी बहीण म्हणून छाती पुढे काढून सांगते.

ताईनं सगळी नोकरी शाळेची बस चालवण्यात काढली. निवृत्त झाल्यावर माणसं जरा टेकतात, हिनं एक जुनी मिनीबस विकत घेतली आणि भावोजींच्या ताब्यात दिली. भावोजी सुतार. त्यांनी आतल्या सीटा उपटून टाकल्या आणि पलंग, ओटा, घडीचं टेबल, कपाटं असं अख्खं घर त्यात बसवलं. कितीही वळणं येऊ देत, एक कप्पा उघडेल तर शपथ! तेव्हापासून दोघं घर बरोबर घेऊनच हिंडायची.

गाडी लावायची त्यांची ठरलेली पद्धत होती. भावोजी उतरून मागे उभे राहायचे आणि पत्र्यावर हात मारायचे. एक थाप म्हणजे ये, दोन म्हणजे थांब. इंजिनाच्या आवाजात ओरडणं विरून जातं, थाप मात्र पुढे सीटपर्यंत कळते. दोन थापा पडल्या की ताई जागच्या जागी ब्रेक दाबणार. का, ते मागाहून विचारणार.

मग भावोजींना झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, बोलणंही गेलं. डावा हात तेवढा शाबूत राहिला. माझ्या भाच्यानं, म्हणजे त्यांच्या मुलानं, सरळ सांगून टाकलं, "आई, आता पुरे. मागे बघायला कोणी नाही. गाडी विकू या." एक गिऱ्हाईकही शोधून ठेवलं त्यानं. पोरगा वाईट नाही, काळजीनंच बोलत होता. पण काळजी करणारी माणसं कधीकधी इतकं डोकं खातात की भांडणारी परवडली.

ताई म्हणाली, "एकदा ह्यांना तळ्यावर नेऊन आणते. तूही ये आणि डोळ्यांनी बघ. गाडीला नुसता ओरखडा आला ना, तर मी स्वतः किल्ली देईन त्या गिऱ्हाइकाला."

हे ऐकताना भावोजी खिडकीतून खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघत होते.

निघण्याच्या आदल्या दिवशी ताईनं गॅरेजात जाऊन भावोजींच्या बाजूला, डाव्या दाराशी, एक जादा आरसा बसवून घेतला. तोंड सगळं त्यांच्याकडे. तिला स्वतःला त्यात काही म्हणजे काही दिसत नव्हतं. "बाबांचं मन राखतेय," भाचा माझ्या कानाशी पुटपुटला. मी त्याच्यावर डोळे वटारले.

दुसऱ्या दिवशी ताईनं गाडीभोवती नेहमीची फेरी मारली. टायर पाहिले, गॅसचा सिलिंडर बंद केला, कपाटांच्या कड्या ओढून बघितल्या, भावोजींचा पट्टा लावला. भाचा आपल्या मोटारीतून मागे. वाटेत आमच्यामागे गाड्या साठल्या की ताई बाजूला घेऊन त्यांना जाऊ द्यायची. पूल आला की उंचीची पाटी वाचल्याशिवाय खाली शिरायची नाही. उतारावर खालच्या गिअरमध्ये अशी निवांत उतरली की ओट्यावरची किटलीसुद्धा हलली नाही.

तळ्याकाठी अशा गाड्या लावायचं मैदान होतं आणि नेमकी एकच जागा उरली होती. एका अंगाला झाड, दुसऱ्या अंगाला कुंपण, कुंपणालगत गुडघाभर गवत. ताईनं उतरून जमीन पायानं दाबून पाहिली, झाडाची खाली आलेली फांदी हेरली. मग मला मागे उभं केलं. "आरशात मला तुझं तोंड दिसत राहिलं पाहिजे. दिसेनाशी झालीस की मी थांबणार." भाचा माझ्या शेजारी हाताची घडी घालून उभा राहिला.

गाडी मागे येऊ लागली. फांदी चुकवायला ताई थोडी कुंपणाकडे सरकली. भाच्याला राहवेना. हाताची घडी सोडून तो ओरडला, "ये, ये, आई! भरपूर जागा आहे!"

तेवढ्यात पुढून दारावर आवाज आला. थप, थप.

गाडी जागच्या जागी उभी.

"का थांबलीस? मी सांगतोय ना!"

"बाबा थांब म्हणाले."

"अगं, बाबांना तिथून काय दिसतंय?"

ताईनं मानही वळवली नाही. "जाऊन बघ. ती बाजू त्यांची आहे."

भाचा तणतणत गेला, मागोमाग मी. गाडीनं रेटलेल्या गवतात कुठल्यातरी जुन्या नळाचा लोखंडी पाइप उभा होता, गंजका आणि टोकदार. मागच्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर. भाच्यानं वाकून त्याचं टोक चाचपून पाहिलं. त्यानं मान वर केली, तर त्या जादा आरशातून भावोजी त्याच्याकडेच बघत होते. इतके दिवस विझलेले ते डोळे कसे तरतरीत झाले होते! मला तर तिथंच रडू फुटलं.

ताईनं गाडी पुढे घेतली आणि सरळ केली. भाचा या खेपेला मागे नाही गेला. वडिलांच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि विचारलं, "बाबा, आता येऊ दे?"

भावोजींनी आरशात नीट पाहिलं. घाई केली नाही. मग डाव्या हाताची एक थाप.

गाडी आली ती अशी, की फांदीचं पानही हललं नाही. भाच्यानं आपण होऊन चाकांना लाकडी ठोकळे लावले. ताईनं टेबलावर पाण्यानं भरलेली वाटी ठेवली. गाडी सपाट उभी आहे का, हे ती दरवेळी असंच बघते. पाणी एका बाजूला कललं नव्हतं. वाटी तिनं भावोजींना दाखवली, त्यांनी मान डोलावली, मगच इंजिन बंद झालं.

चहा होतोय तोवर भाच्याचा फोन वाजला. ते गिऱ्हाईकच होतं. दारात आमच्याकडे पाठ करून तो बोलला, पण मी कान टवकारून ऐकलं.

"नाही हो, विकायची नाहीये," तो म्हणाला. "आई-बाबा चालवतात ती."