गाडीत चढवण्याआधीची शीळ

पोरीच्या जातीने शीळ घालू नये, हे आईने मला इतक्या वेळा सुनावलं की शेवटी मी तिच्यासमोर ती घालणंच बंद केलं. शिकवली होती आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. सिनेमातल्या गाण्याची नव्हे. घोड्याला लघवी व्हावी म्हणून सईस लोक घालतात ती: लांब, बारीक, मध्ये कुठे न तुटणारी. तान्ह्या पोराला पायांवर बसवून आई 'शूऽऽ' करते, त्यातलाच प्रकार. शिंगरू लहान असल्यापासून ही शीळ त्याच्या कानावर पडत गेली, की पुढे कितीही गोंगाटात ती ऐकू आली तरी घोडा पाय ताणून उभा राहतो आणि मोकळा होतो. आबा म्हणायचे, "शीळ तुटली तर घोडा बी तुटतो. दम धरायचा." मी दम धरायला शिकले.

आमच्या गावाला लागून शर्यतीच्या घोड्यांचा फार्म होता. तिथे घोड्या वीत, शिंगरं वाढत आणि जरा मोठी झाली की लिलावात जात. आबा तिथे सईस, म्हणजे दाणावैरण, खरारा, दुखणंखुपणं सगळं बघणारे. मला ताप आला तर आई उशाशी बसायची. एखाद्या घोडीने चारा सोडला तर आबा स्वतः जेवायचे नाहीत. याचा मला तेव्हा राग यायचा. अजूनही येतो, थोडा.

एका वर्षी एक घोडी विताना गेली आणि मागे तांबूस रंगाचं मादी शिंगरू राहिलं. तिला आबांनी बाटलीवर वाढवलं. बाटली ते काखेत धरायचे, म्हणून ती नाक काखेतच खुपसायची. दूध सुटलं, अंगाने आबांच्या वर गेली, तरी आबा दिसले की आधी काख हुंगायची आणि मग दाण्याकडे वळायची. कागदावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, ते आबांच्या जिभेवर कधी बसलं नाही. ते तिला 'बाय' म्हणत. मला कधी म्हटल्याचं आठवत नाही.

पुण्याच्या एका कारखानदाराने तिला घेतलं. न्यायला बंद गाडी आली तेव्हा मी तिथेच होते. ड्रायव्हरला घाई होती, पण आबांनी तिला गाडीजवळ उभं करून शीळ घातली. वाटेत हलत्या गाडीत घोडा कोंडून धरतो, मग पोटात कळा येतात, म्हणून चढवण्याआधी हे करायचंच असा त्यांचा नियम होता. ती मोकळी झाली, फळीवरून सरळ वर चढली, आणि आबा चारा कापायला निघून गेले. डोळ्यांत पाणीबिणी काही नाही. सईसाचं कामच ते, वाढवायचं आणि द्यायचं. पुढे ती एक शर्यत जिंकली. तिथल्या सईसाने फोन करून सांगितलं की जिंकलेल्या घोड्याची लघवी तपासायला घेतात, बाकीच्यांची वाट बघत ताटकळावं लागतं, पण तुमची घोडी शीळ ऐकली की लगेच देते. शर्यतीपेक्षा या गोष्टीचं आबांना जास्त कौतुक. त्यांनी पेढे वाटले आणि घेणाऱ्याला काय सांगावं हेच त्यांना कळेना.

मग मंदी आली. आली म्हणतात, पण ती कुठल्या दारातून आली हे आमच्यासारख्यांना नंतरच कळतं. आधी नोटाबंदी झाली आणि लिलावाला येणाऱ्या गाड्या कमी झाल्या. मग पैजांवर कर वाढला. मग टाळेबंदी लागली, शर्यतीच बंद पडल्या, कारखाने अर्धे चालू लागले. शर्यतीचा घोडा हा हौसेचा मामला. माणसाचा पैसा आटला की आधी घोडा जातो, मग जास्तीची गाडी, बंगला सगळ्यात शेवटी. पण घोड्याला मंदी कळत नाही. त्याला दोन्ही वेळा लसूणघास लागते आणि दाणाही लागतो. न विकलेली शिंगरं फार्मवर उभी राहिली. त्या साली घोड्या गाभण केल्याच नाहीत, त्यामुळे पुढच्या साली एकही शिंगरू जन्मलं नाही. तो उन्हाळा आबांनी रिकाम्या पागा झाडण्यात घालवला. बाकीचे सईस नवस बोलले. आमच्या घरात ती सोय नव्हती, आजोबांच्या पिढीने दीक्षा घेतली तेव्हाच देव-नवस सोडले होते. आबा नुसते झाडत राहिले.

बाय त्याच सुमारास परत आली. कारखानदाराला तिला पोसणं जमेना, म्हणून त्याने ती फार्मवर आणून सोडली. आबांचा चेहरा तेव्हा महिनाभर उजळला होता. मग फार्मच विकला गेला. मॅनेजरसाहेबांनी सगळ्या सईसांना बोलावून सांगितलं की घोडे चांगल्या घरी जातील, काळजी करू नका. चांगलं घर. मुलीच्या लग्नातही हेच शब्द वापरतात आणि तिथेही पुढे कोणी चौकशी करत नाही. बायही त्यातच गेली. फार्मच्या जागी फार्महाऊसचे प्लॉट पडले. मंदी घोड्यांना होती, जमिनीला नव्हती. त्याच फाटकावर आबा वॉचमन म्हणून लागले.

मी लोणावळ्याजवळ कुसगावला एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर काम करते. एकदा आईचे डोळे तपासून झाल्यावर तिला आणि आबांना रिक्षाने वरच्या पॉइंटवर नेलं. जन्म डोंगराखाली गेला, पण आई कधी वर आली नव्हती. पर्यटक जातात तिथे आपलं काय काम, असं तिचं म्हणणं. आम्ही भाजलेली कणसं घेऊन कठड्यावर बसलो. समोर फेरी मारायचे घोडे उभे होते. एक पांढरा घोडा पाय ताणायला बघत होता, आणि त्याच्यावर एक बाई चढायच्या खटपटीत होती. आबांनी कणीस खाली ठेवलं आणि सवयीने शीळ घातली.

पांढऱ्याला त्या शिळेचा पत्ताच नव्हता, त्याला कोणी शिकवलीच नसणार. पण पलीकडे रस्त्याच्या मधोमध, पाठीवर एका हौशी पोराला घेऊन चाललेली एक घोडी जागच्या जागी थांबली. हाडं वर आलेली, आयाळ मेंदीने लाल केलेली, गळ्यात प्लॅस्टिकची फुलं. तिने पाय ताणले आणि तिथेच, गाड्यांच्या हॉर्नमध्ये, मोकळी झाली. पोरगा ओरडला, त्याचे मित्र हसत मोबाइल काढू लागले, आणि घोडेवाल्याने तिच्या मांडीवर काठी घातली.

आबा कधी उठले ते मला कळलंच नाही. ते जवळ गेले तर तिने काठीकडे बघितलंसुद्धा नाही. मान लांब करून नाक त्यांच्या काखेत घातलं.

"बाय," आबा म्हणाले. मग घोडेवाल्याला म्हणाले, "तिला मारू नगा. चूक माजी हाय. मीच शीळ घातली."

त्या दिवसापासून त्यांनी शीळ घालणं सोडलं. माझ्यामुळे तिला काठी बसली, एवढंच म्हणाले. दर सुट्टीच्या दिवशी मात्र बांधावरच्या गवताचा भारा घेऊन ते एसटीने वर जाऊ लागले. आई वैतागायची, कंडक्टर भांडायचा. घोडेवाला वाईट माणूस नव्हता, हे मला लिहायलाच हवं, जरी त्याची काठी मी विसरलेली नाही. त्याचेही तीन घोडे आणि घरातली माणसं त्याच पॉइंटवर जगत होती. आबा पोचले की तो तिच्या पाठीवरचं खोगीर उतरवायचा आणि म्हणायचा, "बसा भाऊ, आज तिला सुट्टी." शर्यतीच्या घोड्याचे पाय बारीक, ते हिरवळीसाठी घडवलेले. डांबरावर तिच्या पायांच्या नळ्या सुजायच्या. आबा खाली बसून त्या हाताने चोळायचे आणि आजूबाजूला लोक फोटो काढायचे.

मग पर्यटकांचाही हात आखडला. गाड्या यायच्या, पण लोक घरून डबे आणायचे, दरी बघायचे आणि परत जायचे. आमच्या रिसॉर्टवरची निम्मी माणसं कमी केली, तर घोड्यावर कोण बसतंय? पावसाळ्यात गर्दीमुळे पॉइंटच बंद ठेवू लागले. त्या वर्षी घोडेवाला आबांना म्हणाला, "भाऊ, मला एवढी पोसवत न्हाई. तुमची हाय तर तुमीच घेऊन जा. काय देऊ नगा."

हे आबांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा आम्ही जेवत होतो. मी घास तसाच धरला. इतकी वर्षं मनात धरलेली गोष्ट कोणी फुकट देऊ करत होतं.

"मग?" मी विचारलं.

"न्हाई म्हनलो."

आईने त्यांच्याकडे बघितलं.

"काय घालू तिला?" आबा म्हणाले. "गवतावर जगंल, पर ती नुसतं जगायला जन्मलेली न्हाई. दाणा लागतो, नाल लागतो, डाक्टर लागतो. हितं बांधली तर रोज माज्या डोळ्यांम्होरं वाळत जाईल." मग ताट पुढे सरकवून ते उठले. काटकसर कशी करावी ते मी मनात जुळवून बघितलं, दोनतीन प्रकारे, आणि प्रत्येक वेळी आबांचंच बरोबर निघालं. इतकं बरोबर असल्याचा मला फार संताप आला.

वरातीला घोडे पुरवणारा कोणी बाहेरगावचा माणूस तिला घेऊन जाणार होता. मी अर्ध्या दिवसाची रजा काढून कामावरूनच आबांबरोबर वर गेले. टेम्पो उभा होता, मागे फळी लावलेली. आबांनी त्या माणसाला सांगितलं की हिला ढोलाचा आवाज सोसत नाही. त्याने मान हलवली. वरातीतल्या घोडीला ढोल सोसत नाही, यावर तो दुसरं काय बोलणार?

"चढवा," तो म्हणाला.

"थांबा वाईच," आबा म्हणाले. "लांबचा पल्ला हाय. आदी मोकळी होऊ द्या. ही वाटंत कोंडून धरती."

ते तिच्या मानेपाशी उभे राहिले, ओठ ओले केले आणि फुंकर घातली. नुसती हवा आली. पुन्हा घातली. ओठ थरथरत होते, आणि थरथरत्या ओठांनी शीळ येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तिसऱ्यांदा त्यांनी तोंडावर हात दाबला आणि मान फिरवली. ती वाट बघत होती. टेम्पोवाल्याने घड्याळ बघितलं.

तेव्हा मी घातली. चाळिशीची बाई, रिसॉर्टच्या गणवेशातली साडी नेसलेली, भर पॉइंटवर, कणीसवाले आणि फुगेवाले बघत असताना. लांब, बारीक. दम धरला. मध्ये तुटू दिली नाही.

तिचे कान हलले. माझ्याकडे नव्हे, आबांकडे वळले. तिने पाय ताणले आणि ती मोकळी झाली. धार दगडावरून वाहत आबांच्या चपलांपर्यंत आली, तरी त्यांनी पाय मागे घेतला नाही. मग तिने काखेत नाक घातलं, आबांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं, आणि थोड्या वेळाने त्यांनीच ते बाजूला केलं.

"झालं," ते म्हणाले. "न्या आता. वाटंत तरास न्हाई व्हायचा तिला."

ती फळीवरून सरळ वर चढली.

एसटीत आबा ओल्या चपलांनीच खिडकीशी बसले. घरी आईला त्या चपलांचा वास आला. ती पाण्याची बादली घेऊन अंगणात आली, पण आबा म्हणाले, "राहू दे. धुऊ नगं." आईने बादली तशीच पायरीशी ठेवली.