चंद्रीची शेवटची सोळा पानं

मुबारकभाई बाइंडरला मी भित्रा म्हणालो होतो, तेही चहाच्या टपरीवर, चार लोकांच्या देखत. लोक हसले, मीही हसलो. आज ते आठवलं की कान गरम होतात.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानाला लागून त्याची एक खोली आहे. शाळेची हजेरीपत्रकं, ग्रामपंचायतीची रजिस्टरं, कुणाची फाटकी पोथी, जे येईल ते तो शिवतो. आमच्या वाचनालयाची पुस्तकंही त्याच्याकडेच जातात. मी तिथला ग्रंथपाल, बावीस वर्षं झाली. पुस्तक वेळेवर परत आलं नाही की माझं डोकं फिरतं, मग समोर सरपंच असला तरी मी ऐकवतो. आपण शिस्तीचे आहोत असा माझा फार दिवसांचा समज.

मुबारकभाईच्या घरात उर्दू, पण शाळा मराठी, त्यामुळे शिवायला आलेलं प्रत्येक पुस्तक तो खळ वाळेपर्यंत वाचत बसे. पुरतं मात्र कधी वाचत नसे. कादंबरीतल्या माणसांचं बरं चाललंय तोवर वाचायचं. पुढे काही वाईट होणार असं वाटलं की कागद कापून उरलेली एक पट्टी तिथे खुपसायची आणि मिटून टाकायचं. पुस्तकं परत आली की त्या पट्ट्या मला सापडत. कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला की बरे असताना सोडलं म्हणजे ते लोक आपल्यापुरते बरेच राहतात. चाळिशी उलटलेला, दोन मुलींची लग्नं केलेला माणूस हे बोलतोय म्हणून मला गंमत वाटली होती.

मागच्या वर्षी एक जुनी कादंबरी त्याच्याकडे दिली. मुखपृष्ठ गळालेलं, पहिली पानं गेलेली, त्यामुळे नाव कुणालाच ठाऊक नाही. रजिस्टरात मीच 'चंद्रीची गोष्ट' असं लिहून ठेवलं होतं. ती काही परत येईना. आठ दिवसांचं काम, चार महिने झाले. विचारलं की उत्तर ठरलेलं, होऊन जाईल सर.

अशात गिरिजाबाईंच्या सुनेचा, नंदाबाईंचा फोन आला. गिरिजाबाई आमच्या सगळ्यात जुन्या सभासद. तीस वर्षं गावातल्या शाळेत शिकवलं, मुबारकभाईही त्यांच्याच हाताखाली वाचायला शिकलेला. त्यांना पोटाचा कॅन्सर होता आणि डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं. नंदाबाई म्हणाल्या, भारतराव, आत्याबाईंना चंद्रीची गोष्ट पाहिजे, दुसरं कुठलंच पुस्तक नको, आणि जरा लवकर बघा.

मी तडक दुकानात गेलो. पुस्तक शिवलेलं होतं, पण शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेली सोळा पानं, त्यात नव्हता. माझा पारा चढला. त्याच्या बायकोसमोर, सलमाभाभींसमोर, मी त्याला बेजबाबदार म्हणालो, फर्मा हरवला आणि वर चार महिने थापा मारल्या म्हणालो. बसायच्या गादीखालून त्याने एक धुतलेलं फडकं काढलं. फर्मा त्यात होता, कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता.

"हरवला न्हाई सर," तो म्हणाला. "फर्मा लावायच्या आधी पानं बराबर लागली का ते बघावं लागतं. बघितलं की नजर पडती. ती पोरगी तापात निघाली, कडंवर लेकरू, माहेर अजून दोन कोस लांब. मंग मी हात न्हाई लावला."

तापलेलो होतो तरी मला हसू आलं. टपरीवर जाऊन मी तो किस्सा मीठमसाला लावून सांगितला आणि वर भित्रा म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून जो तो त्याला विचारायला लागला, काय मुबारकभाई, पोचली का चंद्री माहेरी? तो मान खाली घालून सुई ओढत राहायचा.

फर्मा शेवटी लागला. सलमाभाभींना मराठी अक्षरं येत नाहीत पण आकडे येतात, त्यांनी पानांचे नंबर तपासले आणि मुबारकभाईने रस्त्याकडे बघत शिवण घातली. नवा पुठ्ठा, हिरवं कापड, काम सुरेख. आम्ही दोघं मिळून ते बाईंकडे घेऊन गेलो.

बाई उशांना टेकून बसल्या होत्या. अंगाची काडी झालेली, पण आवाज वर्गातलाच. पुस्तक हातात घेऊन त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं, काम चांगलं झालंय म्हणाल्या. मग म्हणाल्या की आता अक्षर लागत नाही, शेवटचा भाग मुबारक वाचेल. मी मुबारकभाईकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. पण बाईंना नाही म्हणायची त्याची छाती नव्हती.

त्याने वाचायला सुरुवात केली. चंद्री चालतेय, लेकरू रडतंय, तिला मध्येच झाडाखाली बसावं लागतं. पान उलटलं आणि त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. चंद्री उठली, चालत गेली, आईने दार उघडलं, लेकराला उचलून घेतलं, तिला गरम भाकरी वाढली. संपलं, म्हणाला. मी शेजारीच बसलो होतो. त्याची नजर पानावर नव्हती, भिंतीवर होती, हे मला दिसत होतं. बरंच झालं, असं मनात म्हणालो.

बाईंनी डोळे उघडले.

"मुबारक, चौथीत वाचता यायचं नाही तेव्हाही तू असंच मनचं वाचायचास," त्या म्हणाल्या. रागवल्या नव्हत्या. "चंद्री त्या झाडाखालीच मरते. मी हे पुस्तक तीनदा वाचलंय रे. घरात सगळे मला, बऱ्या व्हाल, बऱ्या व्हाल म्हणतात. ते पान वाचताना कुणीतरी जवळ बसावं, एवढंच पाहिजे होतं."

मुबारकभाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याने पुस्तक माझ्यापुढे धरलं. "सर, तुम्ही वाचा."

मी पुस्तक घेतलं नाही. चष्मा विसरलो म्हणालो. चष्मा खिशात होता, त्याची दांडी बाहेर दिसत होती, आणि बाईंची नजर तिच्यावरच होती. तेवढ्यात नंदाबाई चहा घेऊन आल्या. मी घाईघाईने चहा प्यालो, वाचनालय उघडायची वेळ झाली म्हणालो आणि निघालो. शरम वाटली. पण खरं सांगतो, त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

पुन्हा मी तिकडे गेलो नाही. रोज ठरवायचो, आणि रोज रजिस्टरात काहीतरी काम सापडायचं. मुबारकभाईचं दुकान दुपारी बंद दिसायला लागलं. टपरीवरचे म्हणाले, चंद्रीला आणायला गेला असेल. मी त्यांना गप्प बसा म्हणालो नाही.

दहा दिवसांनी बाई गेल्या. पुढच्या आठवड्यात नंदाबाई पुस्तक परत करायला वाचनालयात आल्या. मी दंड वगैरे काही नाही म्हणालो, जणू तोच प्रश्न होता. त्या टेबलासमोर बसल्या आणि त्यांनी सांगितलं. मुबारकभाई दुसऱ्याच दिवशी परत आला होता. ती सोळा पानं वाचायला त्याला तीन दुपारी लागल्या. मध्येच थांबायचा, पाणी प्यायचा, पुन्हा तीच ओळ पहिल्यापासून वाचायचा. चंद्री मेली ते पान झालं तेव्हा बाईंनी त्याचा हात धरून ठेवला होता. मग त्या म्हणाल्या, परत एकदा वाच, आणि त्याने परत वाचलं.

मी पुस्तक ओढून घेतलं आणि शिक्का शोधायला लागलो.

"आत्याबाई तुमचीबी वाट बघत होत्या," नंदाबाई म्हणाल्या. "तिन्ही दिवस विचारलं, भारतराव न्हाई आले का म्हणून. मुबारकभाई म्हणायचे, सरांना लई काम हाये बाई, त्यांनीच तर मला पाठवलं."