भिंतीपलीकडचा हरकतदार

‘माझं काय म्हणणं नाय हां,’ अशी म्हातारा सुरुवात करायचा आणि पुढचा अर्धा तास त्याचं म्हणणं संपायचं नाही. नळाला लागणाऱ्या रांगेबद्दल, गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींबद्दल, आमच्या आईच्या खमंग फोडणीबद्दल आणि मी दार आपटते त्याबद्दल तर रोजच. अशी माणसं तुमच्याही मजल्यावर असतील. नसतील तर देवापुढे नारळ फोडा.

आमची चाळ परळची, भोईवाड्याच्या अंगाची. म्हातारा आमच्या भिंतीला भिंत लावून एकटा राहायचा. त्याची सगळी नोकरी कोर्टात पट्टेवाला म्हणून झालेली. साहेबांच्या दाराबाहेर उभं राहायचं आणि पक्षकारांची नावं पुकारायची. नोकरी संपली तरी गळा काही निवृत्त झाला नाही. माझ्याशी बोलायचं असलं की दार वाजवायचं सोडून तो गॅलरीत उभा राहायचा आणि माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव, आडनाव असं खणखणीत तीनदा पुकारायचा. खालच्या मजल्यावरची माणसं माना वर करून बघायची. मी बाहेर आले की विचारायचा, ‘हजर?’ मला तो मुळीच आवडायचा नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी नेमबाजी करते. दिवसा विम्याच्या कचेरीत बसते आणि संध्याकाळी क्लबच्या रेंजवर जाते. सुरुवात छऱ्याच्या एअर पिस्तुलाने झाली, त्याला परवाना लागत नाही. मग पॉइंट टू टूच्या, खऱ्या गोळीच्या पिस्तुलावर आले. ते घ्यायचं तर परवाना हवा. तोवर क्लबचं पिस्तूल सगळ्यांत मिळून वापरायचं. त्याची लाकडी मूठ कोणा भलत्याच माणसाच्या पंजाच्या मापाची होती. राज्याच्या निवड चाचणीत दोनदा थोडक्यात हुकले तेव्हा आमचे सर म्हणाले, ‘हात तुझा आणि मूठ दुसऱ्याची, असं किती दिवस चालणार? स्वतःचं घे.’ माझी तिशी उलटून गेली होती. आता नाही जमलं तर कधीच जमणार नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मी परवान्यासाठी अर्ज केला.

अर्ज केला की पोलीस घरी येतात, शेजाऱ्यांना विचारतात. माणूस कसा आहे, पितो का, भांडतो का. माझं घोडं तिथेच पेंड खात बसलं.

त्यात आला दसरा. आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून पाटावर हत्यारं मांडतात. हत्यारं म्हणजे गिरणीत फिटर असलेल्या वडिलांचे पाने-पक्कड, आईचं शिलाई मशीन आणि अलीकडे माझा लॅपटॉप. वडील गेले तरी आईने रीत सोडली नाही. त्या वर्षी मला न विचारता तिने माझं एअर पिस्तूल काढलं आणि पाटाच्या मधोमध ठेवलं. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचा हार, सगळं यथासांग. एवढ्यावर थांबती तर ती आमची आई कसली! तिने फोटो काढून चाळीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमच्या घरची शस्त्रपूजा.’

माझा अख्खा दसरा ब्रशने पिस्तुलाच्या घोड्यातलं कुंकू काढण्यात गेला. म्हाताऱ्याचा दसरा मात्र कामी लागला. त्याने कोणाच्या तरी फोनवरून तो फोटो झेरॉक्सवाल्याकडे नेला, रंगीत छापून घेतला आणि पोलीस ठाण्यात देऊन आला. ‘माझं काय म्हणणं नाय,’ तो तिथेही म्हणाला असणार, ‘पण परवान्याआधीच बाईच्या घरात हत्यार पूजेला लागलंय.’

मला ठाण्यात बोलावणं आलं. रेंजवरून घरी येतानाच गेले, एअर पिस्तुलाची पेटी हातात होतीच. पिस्तूल दाखवलं, पावती दाखवली, याला परवाना लागत नाही हे तिघांना तीन वेळा समजावलं. ते त्यांना पटलंही. पण शेजाऱ्याच्या हरकतीसह अहवाल आदल्याच दिवशी वर गेला होता. ‘शिफारस नाही,’ असा.

जिने चढताना माझं डोकं फिरलं होतं. म्हातारा नेहमीप्रमाणे गॅलरीत कठड्याला टेकून उभा. त्याच्याकडे न बघता मी घरात शिरले, पेटी ठेवली आणि बाहेर येऊन त्याच्यासमोर उभी राहिले.

‘काका, माझं वाटोळं करायला बसलाय का तुम्ही?’

‘माझं काय म्हणणं नाय—’

‘म्हणणं नाय तर ठाण्यात काय आरती ओवाळायला गेला होतात?’

दारं उघडली. समोरच्या खोलीतली कोळीण मावशी मासे साफ करता करता हातातल्या कोयतीसकट बाहेर आली. म्हातारा जागचा हलला नाही.

‘तू आज कागदावर मारतेस,’ तो म्हणाला.

‘आणि उद्या? उद्या तुम्हाला मारीन?’

हे मी सगळ्या मजल्यासमोर बोलले. आईने कपाळावर हात मारला.

‘ऐकलंत?’ म्हातारा चहूकडे बघून म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. ‘बंदुका मी जन्मभर बघितल्या. सुतळीने चिठ्ठी बांधलेल्या. मुद्देमाल म्हणून मीच टेबलावर नेऊन ठेवायचो. एकेका बंदुकीमागे एकेक माणूस मेलेला. आणि आरोपीला विचारलं की सगळ्यांचं एकच. रागात होतो साहेब, हाताशी होती. बस, हाताशी होती!’

‘मी काय आरोपी आहे?’

‘तेपण आधी नव्हते,’ म्हातारा म्हणाला आणि आत गेला. त्याचं वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं, आणि त्यामुळे राग आणखीच वाढला.

मी वरच्या साहेबांना भेटले, हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. त्यांनी पुन्हा चौकशी करायला सांगितलं. या खेपेला एक वयस्क हवालदार आले. आमच्या कॉटवर बसून त्यांनी चहा घेतला आणि मजल्यावरचे दोन जबाब लागतील म्हणाले. बाकीच्या बऱ्याच खोल्यांना कायमची कुलपं, माणसं डोंबिवली-बदलापूरला गेलेली; उरलेली त्या वेळी कामावर. कोळीण मावशीने जबाब दिला. ‘पोर सोन्यासारखी हाय. तोंडाची तेवढी तिखट.’

‘आता ते शेजारचे,’ हवालदार म्हणाले.

‘त्यांना सोडा ना. ते माझ्यावर टपलेलेच आहेत.’

‘मॅडम, हरकतदाराला विचारल्याशिवाय चौकशी पुरी होत नाय.’

म्हातारा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. खुर्ची दिली तरी बसला नाही. पोटावर हात बांधून दाराशी उभा राहिला, कोर्टात राहत असेल तसा.

‘मुलगी कशी आहे?’

‘भांडखोर,’ म्हातारा म्हणाला. हवालदारांनी लिहून घेतलं. ‘मोठ्यांना मान देत नाय. दार आपटते. परवा सगळ्या मजल्यासमोर माझ्याशी भांडली. तुम्हाला मारीन, असं पण बोलली.’

हवालदारांचं पेन थांबलं. आईने तोंडाला पदर लावला. संपलं, मी मनात म्हटलं. चाचणी संपली, पिस्तूल संपलं, आता जन्मभर दुसऱ्याची मूठ धरायची. त्या क्षणी मला त्या माणसाचा जेवढा तिटकारा आला तेवढा आयुष्यात कोणाचा आला नव्हता.

‘लिवा, लिवा,’ म्हातारा म्हणाला. ‘मग पुढचंपण लिवा. जिना चढून आली तेव्हा पेटी तिच्या हातात होती. मी गॅलरीतच होतो. रागाने नुसती लाल झालेली. सरळ माझ्या अंगावर यायची ती आधी घरात गेली. कपाट उघडलं, बंद केलं, चावी फिरवली. आमची भिंत पातळ आहे, चावीचा तो आवाज मी रोज ऐकतो; गॅलरीतूनपण ओळखला. मग बाहेर आली आणि भांडली. रिकाम्या हाताने.’

मला स्वतःला हे आठवत नव्हतं. आधी हत्यार कुलपात आणि मग दुसरं काय ते, हे सरांनी आमच्या अंगात इतकं भिनवलं होतं की हात आपोआप करत होते.

‘माझ्या कोर्टात एवढे आले,’ म्हातारा म्हणाला, ‘त्यातल्या एकाने जरी आधी कपाटाला चावी लावली असती...’

‘मग तुमची हरकत?’

‘माझं काय म्हणणं नाय.’

आम्ही सगळे पुढचं ऐकायला थांबलो. पुढे काहीच आलं नाही. दारातून बाहेर पडताना मात्र तो वळला. ‘दार आपटते ते खोडू नका. ते खरं आहे.’

मी त्याचे आभार मानले नाहीत. अर्ज आधी त्यानेच अडवला होता, हे मी विसरायला तयार नव्हते. त्यालाही आभारांची अपेक्षा नसावी. दुसऱ्याच दिवशी तो चादरीवरून आईशी भांडला.

परवाना हातात पडायला पावसाळा उजाडला. म्हातारा त्याआधीच गेला, झोपेत, कोणाला त्रास न देता. जन्मभर सगळ्यांना दिला तेवढा पुरे असं त्याला वाटलं असेल. खोलीला मोठं कुलूप लागलं. गॅलरी शांत झाली, चादरी कशाही वाळू लागल्या. आई एकदा म्हणाली, ‘तुझ्या बाबांचं नाव एवढ्या मोठ्याने घेणारं आता कोणी राहिलं नाही गं.’ मी तिथून उठून गेले.

परवाना घेऊन आले त्या दिवशी मी त्याच्या दारासमोर थांबले. खरं तर त्याच्या नाकासमोर नाचवायचा म्हणून केव्हापासून ठरवून ठेवलं होतं. कुलपाकडे बघत थोडा वेळ उभी राहिले. मग घरात गेले, परवाना कपाटात ठेवला, चावी फिरवली, आणि परत येऊन दार आपटलं. मुद्दाम, होता नव्हता तेवढा जोर लावून.

भिंतीपलीकडून कोणी काही म्हटलं नाही.