घोटीची घंटा खाली पाठवा

ठण्ण, ठण्ण, ठण्ण.

घोटीच्या फलाटावर रुळाचा हातभर तुकडा साखळीने टांगलेला असे. मागच्या स्टेशनातून गाडी सुटली की पोर्टर त्याच्यावर लोखंडी खिळ्याने टोल मारायचा. मी लहानपणी मामाकडे जायचो, तेव्हा तो आवाज मामाच्या भातखाचरापर्यंत यायचा. मामी हातातलं रोप तसंच धरून म्हणायची, "आली रं गाडी."

आता मामी नाही आणि तो तुकडाही नाही. परवा मळ्यात फुलं तोडताना तो आवाज उगाच आठवला, आणि त्याच्यामागून आमच्या माळ्यावरचे किस्से यायला लागले. किस्स्यांचं झेंडूसारखं असतं. एक तोडायला वाकावं तर शेजारी दोन दिसतात.

माळा म्हणजे जेलरोडला दामूअण्णांच्या घरावरची पत्र्याची खोली. अण्णा मालगाडीचे गार्ड होते. रिटायर झाल्यावर त्यांचा वेळ जावा म्हणून मुलाने परदेशातून खेळण्यातली रेल्वे पाठवली. अण्णांनी ठरवलं, हिच्याभोवती जुनं घोटी स्टेशन उभं करायचं, वाफेच्या इंजिनाच्या काळातलं. वायरिंगला आले शेखभाई, लोकोशेडमधले जुने फिटर. मग सुलभाताई आल्या. त्या शाळेत शिकवायच्या, पण त्यांचे वडील घोटीला स्टेशनमास्तर होते. क्वार्टर कुठे, विहीर कुठे, हे सगळं ताईंना विचारून. आणि चौथा मी. दसकला माझा फुलांचा मळा. अण्णांच्या घरी पूजेची फुलं मी द्यायचो. एकदा पुडी द्यायला वर गेलो तो अजून उतरलोच नाही, असं अण्णांची बायको, आमच्या वहिनी, म्हणतात. वाळक्या काड्या, तुरे, भुसा माझ्याकडे मुबलक, म्हणून झाडं आणि शेतं माझ्याकडे.

ताईंची एकच इच्छा होती. हे स्टेशन त्यांच्या थोरल्या भावाने, मधुकररावांनी, एकदा येऊन बघावं. आईच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून दोघांत शब्दाला शब्द लागला होता. तेव्हापासून बोलणं बंद. भाऊ राहतो याच शहरात, द्वारकेला, रिक्षाने यायचं म्हटलं तर किती वेळ लागतो? पण त्याचं शेवटी सांगतो.

*

तर, घंटा. रुळाचा तुकडा शेखभाईंनी खिळा कापून केला, हुबेहूब. पण वाजवला की टिक्क. अण्णा म्हणाले, "हा घोटीचा टोल नाही. हे घड्याळ झालं."

मग शोध सुरू झाला. वाटी वाजवून पाहिली, पळी, झारा, खलबत्ता वाजवून पाहिला. प्रत्येक वेळी तिघं माझ्याकडे बघायचे, कारण तो आवाज माझ्या कानात पक्का. मी मान हलवायचो. शेवटी शेखभाईंनी सांडशी दोऱ्याने टांगली आणि तिच्यावर उलथनं मारलं. ठण्ण.

मी म्हणालो, "हीच हाय."

टेबलाखाली ती सांडशी टांगली ती टांगलीच. वहिनींनी दुसरी आणली, ती त्यांच्या हाताला बसेना. आता खाली दूध वर यायला लागलं की जिन्यातून हाक येते, "अहो, घोटीची घंटा खाली पाठवा!"

*

गाडीबरोबर माणसांचं एक पाकीटही आलं होतं. करंगळीच्या पेराहून लहान माणसं. सगळे साहेब, कोट आणि हॅट घातलेले. शेखभाईंनी कानशीने हॅटा घासल्या आणि त्यावर फेटे, टोप्या रंगवल्या. कोटांच्या बंड्या झाल्या. एका साहेबाच्या हातात कुत्रा होता, त्याची आम्ही बकरी केली.

शेवटी एक बाई उरली. समुद्रावर ऊन खात आडवी पडलेली. कपडे नावालाच.

अण्णा म्हणाले, "ही टाकून द्या."

"एवढ्या लांबून आली आहे, टाकून काय देता?" ताई म्हणाल्या. त्यांनी तिला घरी नेलं आणि पातळ कागदाचं हिरवं नऊवारी नेसवून आणलं. पदर डोक्यावर, पायात जोडवी रंगवलेली. पण बाई आडवीच. फलाटावर भरदिवसा अशी का पडली आहे, हे कोणाला सांगता येईना.

शेखभाई चष्मा वर करून बघत राहिले. मग म्हणाले, "गाडी लेट आहे. झोपली बिचारी."

तिला सिमेंटच्या बाकाखाली सावलीत ठेवली. उशाला बोचकंही दिलं.

*

एकदा सगळं जागेवर बसल्यावर शेखभाईंनी लांबून नजर टाकली. "अण्णा, घोटीला आज महिना कोणता?"

"आषाढ," अण्णा म्हणाले. त्यांनी फलाटावरच्या अर्ध्या लोकांना छत्र्या दिल्या होत्या.

"आषाढ कसा?" ताई म्हणाल्या. "आमच्या अंगणात खाटेवर पापड वाळतायत. चैत्र आहे."

मी हळूच म्हणालो, "भात पिवळं झालंय. दिवाळी आली म्हणायची."

आठवडाभर वाद झाला. अण्णांची पहिली ड्यूटी घोटीच्या पावसात लागली होती, त्यांना छत्र्या हव्यात. ताईंची आई पापड घालायची, तर खाट उचलायची नाही. आणि मी पिवळ्या भातात मामी उभी केलेली, तिला कुठे नेऊ?

शेखभाई म्हणाले, "मग पाटी लावा. येथे तिन्ही ऋतू एकदम मिळतील."

पाटी कोणी लावली नाही. छत्र्या, पापड आणि भात अजून तिथेच आहेत.

*

शेखभाईंना तपकिरीची सवय. एका दुपारी तिकिटाच्या खिडकीपुढची रांग लावत असताना त्यांना शिंक आली. अख्खी रांग उडाली. स्टेशनमास्तर विहिरीत गेले. डोक्यावर पेटी घेतलेला हमाल कुठेच सापडेना. दुसऱ्या दिवशी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांत वहिनींना सापडला.

तेव्हापासून अण्णांचे दोन नियम झाले. प्रत्येक माणूस गोंदाने चिकटवायचा, आणि बघायला येणाऱ्याने हात मागे बांधून उभं राहायचं. कोणाचं बोट पुढे आलं की अण्णा गार्डाच्या आवाजात ओरडायचे, "हात मागे!"

सत्यनारायणाला आलेले गुरुजीसुद्धा यातून सुटले नाहीत. ते म्हणाले, "अहो, आशीर्वाद द्यायला तरी हात पुढे करू ना?"

अण्णा म्हणाले, "लांबून द्या."

*

आता ताईंचं.

क्वार्टरला रुळाच्या बाजूने बुटकी भिंत होती. मालगाडी आली की मधू आणि सुलभा त्या भिंतीवर बसून डबे मोजायचे. तो ओठांत मोजायचा, ही बोटांवर. आकडा कधी जुळायचा नाही. पुढची गाडी येईपर्यंत भांडण.

ताईंनी मला दोन मुलं कोरायला सांगितली. एक पाय सोडून बसलेला मुलगा, एक दोन वेण्यांची मुलगी. मी लाकडाच्या ढलपीतून कोरली. भिंतीवर बसवली आणि गोंद उघडला, तर ताईंनी माझा हात धरला.

"यांना नको, तात्या. आधी त्याला बघू दे. त्याला नको असेल तर काढता आलं पाहिजे."

मी गोंद बंद केला. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मोजण्यात आमचं कधी जमलं नाही. पण भिंतीवरून उठून कोणी गेलं नव्हतं."

एका रविवारी आम्ही ओळखीच्यांना बघायला बोलावलं. मधुकररावांना अण्णांनी फोन केला. ते एवढंच म्हणाले, "बघतो."

लोक आले, हात मागे बांधून बघून, चहा पिऊन गेले. दुपार कलली. ताई टेबलाच्या बोगद्याकडच्या टोकाला उभ्या राहून पुसलेलंच पुन्हा पुसत होत्या. तेवढ्यात जिन्यात काठी वाजली.

पांढरा सदरा, ताईंसारखंच नाक. दारातून आत आले, ताईंकडे एकदा बघितलं आणि टेबलाजवळ थांबले. मी वाकून उलथनं घेतलं आणि सांडशीवर तीन टोल दिले.

शेखभाईंनी मालगाडी सोडली. पिवळ्या भाताच्या कडेने ती आली, छत्र्यांपुढून गेली, क्वार्टरच्या भिंतीशी आली. मधुकररावांचे ओठ हलत होते. मी ताईंकडे पाहिलं. पदराच्या आड त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता.

शेवटचा डबा बोगद्यात गेला.

मधुकरराव भिंतीवरच्या त्या दोघांकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. अण्णांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दोन बोटांच्या चिमटीत मधुकररावांनी वेण्यांची मुलगी अलगद उचलली, डोळ्यांजवळ नेली, आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली.

भिंतीवर मुलगा एकटा पाय सोडून बसला होता.

मधुकररावांनी काठी उचलली. मुलगी पडू नये म्हणून दुसरा हात खिशावर धरला, आणि एकेक पायरी जपून उतरत निघून गेले.