कोड नानांच्या फोनवर यायचा

नाना माणसाला आधी नाव विचारत नसत. "कुणाचा तू?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नोकरीसाठी परभणीहून आलेला मी पुण्याजवळच्या माणमध्ये त्यांच्याकडे खोली बघायला गेलो, तेव्हा मलाही त्यांनी तेच विचारलं. मी वडिलांचं नाव सांगितलं. आमचे वडील परभणी सोडून फारसे कुठं गेलेले नाहीत, तरी नाना डोळे मिटून आठवत बसले. शेवटी म्हणाले, "न्हाई वळखत. पर ऱ्हा."

मी वेबसाइट बनवतो हे कळल्यावर त्यांनी गावचे जुने फोटो माझ्यापुढे आणून ठेवले. आयटी पार्कच्या आधीचं माण होतं ते. भाताची खाचरं, खळी, लग्नाच्या पंगती. शेतं गेल्यावर माणसंही पांगली होती. कुणी उरवड्याला कारखान्याजवळ राहायला गेलं, कुणी परदेशात. त्यांना घरबसल्या बघता यावेत म्हणून मी एका तयार साइटवर ते फोटो चढवून दिले. थोड्याच दिवसांत कुठल्याशा एजंटानं नानांच्या आईचा फोटो तिथून उचलला आणि फ्लॅटच्या जाहिरातीत छापला. ती जाहिरात घेऊन नाना माझ्या खोलीत आले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "घराला दार नको व्हय रं?"

मग मी दार बसवलं. आधी नाव नोंदवायचं, नानांनी मंजुरी दिली की सभासद व्हायचं, आणि मोबाइलवर आलेला कोड टाकून आत जायचं. मंजुरीआधी नाना फोनवर अशी उलटतपासणी घेत की मुलगी बघायला आलेले पाहुणे बरे. कुठली आळी, आजोळ कुठलं, चुलता हयात आहे का. आणि दार ज्यानं बसवलं त्या मला मात्र बाहेरच ठेवलं. "तू हितला न्हाईस," असं तोंडावर सांगितलं. साइट चालवणारा मीच असल्यामुळे मला आतलं सगळं दिसत होतं, पण हे त्यांना सांगायचा धीर मला झाला नाही. पुढे एका दिवाळीत मी तापानं फणफणलो, घरी जाता आलं नाही. काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, मला पेज करून घातली. तेव्हा नाना उशाशी बसून म्हणाले, "तुझंबी नाव घाल आता. कुणाचा म्हनून इचारलं तर लिही, आमचा." मी भिंतीकडे तोंड केलं. तापात डोळ्यांना पाणी येतंच.

सगळ्यात मोठा घोळ नानांनी नोंदणीत घालून ठेवला होता. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची नावं त्यांनी स्वतःच भरली आणि प्रत्येकापुढे मोबाइल नंबर स्वतःचा टाकला. त्यामुळे कुणीही आत जायला निघालं की कोड नानांच्या फोनवर यायचा, आणि त्या माणसाला नानांना फोन करून तो मागून घ्यावा लागायचा. ही कसली सुरक्षा, म्हणून मी चिडलो. ज्याचं नाव त्याचाच नंबर, हा साधा नियम समजावून सांगितला. ते ऐकून घेत आणि पुढचं नाव पुन्हा आपल्याच नंबरावर भरत.

त्यातच त्यांनी एकदा प्रशांतचं नाव भरलं. प्रशांत त्यांचा एकुलता एक मुलगा. परजातीतल्या मुलीशी लग्न ठरवलं म्हणून नाना त्याच्या लग्नाला गेले नाहीत, काकूंनाही जाऊ दिलं नाही. तो जर्मनीला निघून गेला. सणासुदीला काकूंच्या फोनवर बोलायचा, पण बापाशी शब्द नाही. मी म्हटलं, "नाना, याच्यापुढे तरी त्याचाच नंबर टाका." "चुकलं माजंच," म्हणाले, "पर त्ये मला तोंडानं बोलाया जमत न्हाई. त्याला घर बघावंसं वाटंल कवातरी. मग कोड मागाया मलाच फोन करावा लागंल."

त्यानंतर फोन वाजला की ते चष्मा शोधत. कोड कुणा दुसऱ्याचाच असे. तरी ते नीट, एकेक आकडा सावकाश वाचून दाखवत आणि वर घरची विचारपूस करत. काकूंनी प्रशांतला साइटचं सांगितलं होतं. तो बघतो म्हणाला आणि त्यानं बघितलं नाही. मला त्याचा भयंकर राग यायचा, आणि नानांचाही. दोघांपैकी एकानं नंबर फिरवायचा होता, एवढंच तर काम होतं.

नानांच्या छातीत दुखायला लागलं ते थेट दवाखान्यातच थांबलं. प्रशांतला अंत्यविधीला पोचता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मला त्याचा मेल आला. त्याला नानांचे जुने फोटो बघायचे होते आणि कोड बंद पडलेल्या नंबरावर जात असेल, तर आपला जर्मनीचा नंबर घालावा, अशी विनंती होती. माझ्या हातचं ते मिनिटाचं काम. पण माझा हात उठेना. मी खाली जाऊन काकूंना विचारलं.

काकू नानांचा फोन चार्जिंगला लावून त्याच्यापाशी बसल्या होत्या. "नगं बदलू," त्या म्हणाल्या. "नंबर चालू हाय म्हनावं. फोन कर म्हनावं."

मी तसं कळवलं. संध्याकाळी नानांच्या फोनवर कोड आला आणि पाठोपाठ फोन वाजला. काकूंना आकडे दिसेनात म्हणून मी वाचायला पुढे झालो, पण प्रशांतनं कोड मागितलाच नाही. फोन कानाला न लावताही त्याचं रडणं मला ऐकू येत होतं. नाना शेवटी काय म्हणाले, असं त्यानं विचारलं.

काकूंनी काहीच झाकलं नाही. "तुझा फोन आला का, इचारत व्हते," त्या म्हणाल्या. "मी व्हय म्हनलं."