दोन देशांना एकच माप

वासंतीताई तांडेल मला पहिल्यांदा भेटल्या त्या फोर्टातल्या आमच्या कचेरीत, माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी. मी लालबागहून धावतपळत आले होते, डबा घरीच राहिला होता. संशोधन विभागाच्या उपप्रमुख असलेल्या ताईंनी आपल्या डब्यातले बोंबील माझ्यापुढे सरकवले. "खा गं. उपाशी पोटी बेरजा चुकतात."

आमचं काम असं. सरकारं आणि कंपन्या थोड्या मुदतीचे कर्जरोखे विकतात. त्यांतले परदेशी गुंतवणूकदारांच्या हाती किती, हे दोन देशांत ताडून पाहायचं. ही मंडळी बिथरून एकदम पैसे मागू लागली, की भल्याभल्या देशांची पाचावर धारण बसते. म्हणून कोण जास्त धोक्यात, हे आमचे ग्राहक आम्हाला विचारतात.

ताईंचं विभागप्रमुखपद ठरल्यातच जमा होतं. त्याच सुमारास अशाच एका तुलनेचा त्यांचा अहवाल ग्राहकांपुढे मांडायचा होता. पहिला देश भक्कम, दुसरा डळमळीत, असा निष्कर्ष. सभागृह भरलं आणि ताई उभ्या राहिल्या. "हा अहवाल मी मागे घेते. एका देशाने रोखा विकताना ठरलेली मुदत धरली आहे, दुसऱ्याने आता उरलेली. दहा वर्षांचा रोखा फेडायला महिनाच उरला, तरी पहिल्याच्या मोजणीत तो येत नाही. मी दोन्ही आकडे एकाच मापाचे समजून ताडले. चूक माझी."

संचालक कुजबुजले, "अहो ताई, चहानंतर सांगा ना!"

"चहापर्यंत लोक खरेदी करून मोकळे होतील, साहेब."

मी भयंकर चिडले. जिन्यात गाठून म्हणाले, "ताई, कुणाच्या लक्षातही आलं नसतं! कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलात?"

"अगं, माहीमच्या बाजारात माझी आई मासळी विकायची. पापलेट कधी धरलं ते सांगायचीच, पण अजून किती टिकेल, तेही सांगायची. आणि मी एवढी शिकून उरलेली मुदत बघायला विसरले!"

ते पद ताईंना मिळालं नाही. पुढे ते मला मिळालं. मी घेणार नव्हते, तर ताईच घरी आल्या. "फुगून बसू नकोस. घे. फक्त सही करताना घाई करू नकोस." एवढं मोठं मन त्या कुठून आणतात, मला आजही कळत नाही. खरं सांगू? कधीकधी रागही येतो. माझे वडील परळच्या रुग्णालयात होते, तेव्हा ताई रोज येऊन बसत. मला बळंच जेवायला पिटाळत.

ताईंच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी हा लेख लिहिताना मी दहादा उठतेय, बसतेय. टेबलावर पुन्हा दोन देश आहेत. एकाने परदेशात राहणाऱ्यांच्या हातचे रोखे मोजलेत, दुसऱ्याने परदेशी चलनातले. या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे सांगून तोंड दुखलं. वरून सारखा फोन: "मॅडम, आज सही हवीच. नाहीतर तुमच्या जागी दुसरं कुणी बघावं लागेल." ताईंना विचारावं म्हणून फोन उचलला आणि खाली ठेवला. त्या काय म्हणतील हे ठाऊक असताना विचारायचं कशाला? सही केलेली नाही.

पंचाहत्तरीतल्या ताईंचे गुडघे त्यांना साथ देवोत, जेवण गोड लागो, आणि आम्हाला असंच अस्वस्थ ठेवत त्यांनी ठणठणीत शंभरी गाठावी. संपादकांना एकच विनंती: लेखाखाली माझं नुसतं नाव छापा. पद छापू नका. ग्रंथ निघेल तेव्हा ते माझ्याकडे असेलच, असं नाही.