फौजेचं हलकं पाकीट

समस्त खवय्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, फौजेच्या डब्यातला जुना शंकरपाळा दातांनी नव्हे, दगडानं फोडायचा असतो. हे ज्ञान मला कारगिलच्या लढाईच्या उन्हाळ्यात नारायणगावच्या एसटी स्टँडवर मिळालं.

देणारा राजुरीचा जवान माझ्याच बाकावर बसला होता. सुट्टी अर्धवट टाकून तो लढाईवर निघाला होता. पलीकडे त्याची आई पिशवीत भाकऱ्या कोंबत होती, आणि हा बुटाची नाडी सोडून पुन्हा पुन्हा बांधत होता. मी खोदून खोदून तिकडच्या जेवणाचं विचारलं, तसा तो खुलला.

"आता पत्र्याचा डबा गेला, भाऊ. चांदीवानी पाकीट आलंय. जळणाच्या गोळीवर गरम करायचं की पुलाव तयार. लई हलकं."

"मग चैन आहे की, राव."

नाडीवरचा हात थांबला. आवाज खाली आणून तो म्हणाला, "चैन कसली. डबा जड व्हता तवा लई लांब धाडता येत नव्हतं. आता तीन दिवसांचं खाणं पाठीवर बसतंय. म्हंजी तीन दिवस मागनं कुणीच येणार न्हाई, अशा जागी धाडत्यात."

तेवढ्यात गाडी लागली. आई उठली, पिशवी त्याच्या हातात देता देता थांबली, आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशी बोलली, "तुज्या सायबाला सांग, माज्या पोराला जडच डबा द्या म्हनावं."